ठेवणीतला चष्मा

सोब्रेदो
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय नातेर्सिया,

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच कोणी तोडत नाही आणि तुला राग आला तर तू कागद बाजूला ठेवून भांडी घासून घेऊ शकतेस. शाळेत सिस्टर इमाकुलादा म्हणायच्या, रागावलेल्या माणसाने पत्र रविवारीच लिहावं, कारण त्या दिवशी टपाल निघत नाही, फाडायला वेळ मिळतो. तशी काही फाडून झाली. हे मात्र पाठवणार आहे.

चेस्टनट पडायला लागले. आपल्या तीन झाडांखालचे मी वेचते, पण माझ्या आधी शेजारची बेनविंदा उठलेली असते. तिला विचारलं तर म्हणते, "वाऱ्याने घरंगळत आमच्या बाजूला आले गं, मी काय करू?" वारा नेहमी तिच्याच दिशेने वाहतो. तुझी धर्ममाता आहे, म्हणून गप्प बसते.

तुझे बाबा बरे आहेत. रोज दुपारी मी विन्याइशला वृद्धाश्रमात जाते, त्यांना भरवते आणि उतरत्या उन्हात परत येते. माझ्या हातून सगळं खातात, कोबीसुद्धा, जो घरी असताना कधी खाल्ला नाही. त्यांना वाटतं ते अजून फ्रान्समध्ये बांधकामावर आहेत आणि मी डबा घेऊन येते. फ्रान्सला मी एकदाही गेले नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्यांच्या मते मी जात होते, तर असेन जात.

तू या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होतीस, "ते तुला ओळखतसुद्धा नाहीत आई, मग रोज उठून कशाला जायचं?" त्यावर मी काय बोलले तेही लक्षात आहे. ते इथे लिहीत नाही. दोघींच्या लक्षात आहे तेवढं पुरे.

येत्या गुरुवारी लायसन्ससाठी डॉक्टरांकडे डोळे दाखवायचे आहेत. सत्तरीनंतर दर दोन वर्षांनी हे करावं लागतं आणि माझी मुदत नोव्हेंबरच्या शेवटी संपते. मागच्या वेळी आपले म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी अक्षरांच्या पाटीकडे बघायलाही लावलं नाही, बागेतल्या गुलाबांबद्दल बोलत बसले आणि सही करून टाकली. आता नवे आले आहेत, तेल्मो नावाचे. तरुण आहेत आणि म्हणे सगळं नियमाप्रमाणे करतात. नियमाचं मला भय नाही, आम्हाला नन्सनी वाढवलं आहे. पण तुला माहीत आहे, इथून शाळेची बस तेवढी आहे, ती पहाटे जाते, तेव्हा वृद्धाश्रमात कोणाला सोडत नाहीत, आणि संध्याकाळी येते, शनिवार-रविवारी तीही नाही. लायसन्स गेलं तर बाबांची दुपार गेली.

निळा कोट इस्त्री करून खुंटीला लावला आहे. बुटांना पॉलिश केलं. डॉक्टरांसाठी बिहीच्या मुरंब्याची वडी काढून ठेवली. आणि ठेवणीतला चष्मा बाहेर काढला. तोच, तुझ्या लग्नाला केलेला, सोनेरी काड्यांचा. फ्रेम तूच निवडली होतीस. लग्न, मयत, सणवार आणि सरकारी काम, एवढ्यालाच तो डबीतून निघतो, अजून अगदी नव्यासारखा आहे. रोजच्या चष्म्याच्या काडीला बाबांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, ती विजेच्या तारांना लावतात तसली. तो नाकावर ठेवून डॉक्टरांसमोर कसं बसायचं?

तिकडे लक्झेंबर्गला थंडी लागली असेल. लोकरीचे मोजे विणून झाले आहेत, पण तुला ते टोचतात असं तू म्हणाली होतीस, म्हणून पाठवत नाही.

तुझी
आई


सोब्रेदो
बुधवार, २२ ऑक्टोबर

प्रिय नातेर्सिया,

डॉक्टर तेल्मो फार सभ्य माणूस आहे. मुरंबा घेताना आधी नको म्हणाले, मग दोन्ही हातांनी घेतला. हात गार होते. त्यांच्या खोलीत हीटर बिघडला आहे आणि तिथे दुरुस्तीवाला येणार येणार असं नुसतं चाललं आहे.

लायसन्सचं काम बहुतेक झाल्यासारखंच आहे. एक-दोन कागद राहिले आहेत. हल्ली प्रत्येक गोष्टीला कागद लागतो.

गाडी सध्या विन्याइशलाच ठेवली आहे, दवाखान्याच्या भिंतीशी. तिचा ब्रेक जरा आवाज करत होता. मी पाववाल्या नोर्बेर्तोबरोबर जाते. त्याची गाडी पाव वाटून अकराच्या सुमाराला आपल्या गावातून परत फिरते. पुढे जागा नसते, तिथे त्याचा कुत्रा बसतो, म्हणून मी मागे रिकाम्या टोपल्यांत. वृद्धाश्रमात पोचले की सगळ्या म्हाताऱ्या माझ्याकडे तोंड वळवतात, कारण मला ताज्या पावाचा वास येतो. येताना शाळेच्या बसने येते. पोरं मला जागा देतात. एक पोरगी विचारत होती, "आजी, तुम्ही कुठल्या वर्गात?" म्हटलं, नापासांच्या.

रविवारी बाबांकडे गेले नाही. जरा सर्दी होती.

त्या गुरुवारी गेले तेव्हा बाबा थोडे थकलेले होते. काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी छान होते.

बेनविंदाचा फोन आला तर तिच्या बोलण्याकडे फारसं लक्ष देऊ नकोस. तिचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आहे आणि त्या औषधाने ती वाटेल ते बोलते.

आई


सोब्रेदो
गुरुवार, ३० ऑक्टोबर

प्रिय नातेर्सिया,

बेनविंदाने तुला फोन केल्याचं मला तिच्याच तोंडून कळलं. मी तिला म्हटलं, "तुला सांगितलं होतं ना, कोणाला बोलू नकोस!"

"कोणाला कुठे बोलले? नातेर्सिया कोणी परकी आहे? बाप्तिस्म्याला तिला मी हातात धरलं होतं. तू तर घरी खाटेवर होतीस."

"म्हणून काय आयुष्यभर चहाड्या करणार?"

"गाडी दोन आठवडे दवाखान्यासमोर उभी आहे, लिंदा. तिच्यावर झाडाची पानं साचली आहेत. अख्ख्या विन्याइशला कळलंय. तुझ्या पोरीला तेवढं कळू नये होय?"

तेव्हा आता नीट सांगते.

मी दृष्टीच्या तपासणीत नापास झाले. दवाखान्याच्या दारात गाडी लावली, ठेवणीतला चष्मा चढवला, रोजचा पर्समध्ये टाकला, केस सारखे केले आणि आत गेले. भिंतीवर पाटी होती. वरचं मोठं अक्षर दिसलं. त्याखालची ओळ दिसली. तिसऱ्या ओळीपासून अक्षरांना लोकर फुटली.

डॉक्टर म्हणाले, "दोना एर्मेलिंदा, चष्मा पुसून बघा बरं."

पुसला.

"आता?"

"आता स्वच्छ काचेतून धूसर दिसतंय."

ते हसले. मग एकेक डोळा झाकून पुन्हा विचारलं आणि मग हसले नाहीत. म्हणाले, "आज तुम्ही इथे कशा आलात?"

"गाडीने."

"कोणी आणलं?"

"मीच चालवत आले. वळणं मला पाठ आहेत डॉक्टर, एकोणीसशे ब्याऐंशीपासून."

"वळणं पाठ असतील. पण वळणावर आलेली बकरी पाठ नसते ना. नेत्रतज्ज्ञांचा कागद आणल्याशिवाय मला सही करता येणार नाही, आणि तोवर गाडी चालवू नका. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. नेत्रतज्ज्ञ ब्रागान्साला असतात आणि त्यांची तारीख मार्चमधली मिळाली. लायसन्स तर नोव्हेंबरअखेर संपतं. ब्रेकला काहीही झालेलं नाही.

तिथून मी तशीच चालत बाबांकडे गेले. मन थाऱ्यावर नव्हतं. पोचले तर ते खिडकीशी बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुला कसं सांगू, जसं आपण टपाल कचेरीत शेजारच्या रांगेतल्या बाईकडे बघतो तसं. मी खुर्ची ओढायला गेले तर म्हणाले, "माफ करा, ही जागा ठेवलेली आहे." मी म्हटलं, "अहो, मी आहे." ते म्हणाले, "हो बाई, दिसतंय. पण जागा ठेवलेली आहे." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी उभ्याने परत निघाले.

म्हणजे माझे डोळे आणि त्यांची ओळख, दोन्ही एकाच दिवशी गेलं असं मला वाटलं. तू दोन वर्षांपूर्वी म्हणालीस ते खरं झालं, असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला पाहून "आलीस का?" म्हटलं आणि खाल्लं, म्हणून मी ते पत्रात गाळलं. चांगले दिवस आणि वाईट दिवस असतात, असं तिथली ग्रासिएते म्हणते. ती त्यांना सांभाळते. तिच्याकडे एकूण अकरा तोंडं आहेत. एकाने ओठ मिटले की तिला पुढच्याकडे जावं लागतं, त्यात तिचा दोष नाही. पण ज्या रविवारी पाववाला नसतो आणि मी जात नाही, त्या सोमवारी बाबांच्या पँटचा पट्टा आतल्या भोकावर गेलेला असतो.

तुझा निरोप बेनविंदाने पोचवला. "आता तरी ये म्हणावं, खोली रंगवून ठेवली आहे." तिने तो रडत रडत सांगितला, तू रडत सांगितलास की नाही मला माहीत नाही. खोलीबद्दल मी आभारी आहे, नातेर्सिया. खरंच आहे. रंग कोणता दिलास?

पण मी लक्झेंबर्गला बसले आणि इकडे त्यांनी ओठ मिटले, तर चमचा घेऊन कोण थांबणार? त्यांना तिकडे नेता येत नाही, हे तूच डॉक्टरांशी बोलून मला सांगितलंस. आणि रोज पावाच्या टोपलीतून जाणंही फार दिवस चालणार नाही. नोर्बेर्तो परवा म्हणाला, "काकू, हिवाळ्यात घाटावर बर्फ पडलं की मी वरच्या गावांना येत नाही हं, आत्ताच सांगून ठेवतो." म्हणजे डिसेंबरपर्यंत. त्यानंतर काय, हे मला माहीत नाही. तुला वाटेल मी हट्ट करते आहे. हट्ट करायलाही माणसाकडे गाडी लागते. तूर्त माझ्याकडे काही नाही.

गाडी विकायची का, असं तुझ्या धर्ममातेने तिच्या मुलाला आधीच विचारून ठेवलं आहे. त्याला रंग आवडला नाही म्हणे.

आई


सोब्रेदो
रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय नातेर्सिया,

गेलं पत्र तुला मिळालंही नसेल, पण हे थांबवत नाही.

काल संतांचा सण. तू असतीस तर दफनभूमीत तुझ्या हातात शेवंतीची बादली दिली असती. सगळं गाव आलं होतं, ओपोर्तोला गेलेले, फ्रान्सला गेलेले, सगळे. आजीच्या थडग्यावर पांढरी शेवंती ठेवली, बेनविंदाने तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर जांभळी. "त्याला जांभळा रंग आवडायचा नाही," ती म्हणाली, "पण आता बोलतोय कुठे?" निळा कोट, पॉलिशचे बूट, ठेवणीतला चष्मा असा माझा थाट. आजी कुठल्या दगडाखाली आहे हे वाचावं लागत नाही, त्यामुळे काही अडलं नाही. नंतर बेनविंदाच्या मुलाने मला त्याच्या गाडीतून बाबांकडे सोडलं.

बाबा खिडकीशी होते. मी जवळ गेले. त्यांनी लगेच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, ही खुर्ची रिकामी नाही."

"कोणाची आहे?"

"माझ्या बायकोची. डबा घेऊन येते ती. तुम्ही तिकडे बसा ना, तिकडे ऊन आहे."

इतकं अदबीने बोलले, जसे फार पूर्वी आमच्या शाळेत नन्सच्या भिंतीला चुना द्यायला आले होते तेव्हा बोलायचे. मी तिकडे उन्हात जाऊन बसले. ग्रासिएते सूप घेऊन आली. त्यांनी ओठ मिटले. ती म्हणाली, "सेन्योर आदेलिनो, दोन चमचे, माझ्यासाठी." त्यांनी मान हलवली. "बायको आल्यावर." तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाटी तिथेच ठेवून पुढे गेली.

मला रडू आलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि रुमाल शोधायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला पट्टीवाला चष्मा लागला. डोळे पुसून तोच चढवला. जे हाताला लागलं ते लावलं, एवढंच.

"किती उशीर गं!" बाबा म्हणाले. "सूप गार झालं."

आणि खुर्चीवर थाप मारली.

मी जाऊन बसले. भरवायला लागले. काय झालं ते मला अजून कळलेलं नव्हतं. अर्धी वाटी संपली तेव्हा सहज समोर नजर गेली. पलीकडच्या भिंतीवर आग लागली तर काय करावं याचा फलक आहे, त्यावरची अगदी शेवटची बारीक ओळ मी मोठ्याने वाचली.

"काय वाचतेस?" बाबांनी विचारलं.

"आग लागल्यास लिफ्ट वापरू नये."

"इथे लिफ्ट आहे कुठे?" ते म्हणाले. खरंच नाही. एकमजली इमारत आहे. दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी चष्मे बदलून पाहिले. सोनेरी लावला की फलकाची लोकर होते आणि बाबा मला बाई म्हणतात. पट्टीवाला लावला की अक्षरं कोरल्यासारखी आणि बाबा म्हणतात, "तूपण खा ना दोन घास." पुन्हा सोनेरी लावला. तेव्हा बाबांना त्या बाईची दया आली असावी. म्हणाले, "बसा, ती येईपर्यंत बसा." ग्रासिएते दारातून बघत होती. तिला वाटलं, आता माझ्यासाठीही एक खाट तयार करावी लागणार.

नातेर्सिया, रोजच्या चष्म्याच्या काचा तुझ्या लग्नानंतर मी तीन वेळा बदलल्या. सोनेरीच्या कधीच बदलल्या नाहीत. जो वापरलाच नाही तो बिघडेल कसा, असं मी धरून चालले. आपल्याकडे असंच करतात. चांगल्या बशा कपाटात, चांगलं अंथरूण पेटीत, चांगला चष्मा डबीत. पाहुणा आला की काढायचा. डॉक्टर म्हणजे पाहुण्याहून मोठा. मी त्यांच्यासमोर चौदा वर्षांपूर्वीचे डोळे घेऊन बसले होते.

बाबा मला ओळखतात की त्या पट्टीला, हे मी ग्रासिएतेला विचारलं नाही. पट्टी त्यांनी लावली होती. आजार सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात, अंगणात बसून. मी म्हटलं, "दुकानात देऊ, तासाभरात करून देतात." तर म्हणाले, "दुकानातलं आठवडाभर टिकेल. हे मी केलेलं राहील." राहिलं आहे.

तू म्हणाली होतीस ते मी दोन वर्षं जपून ठेवलं होतं, रोज काढून पाहत होते. काल रात्री झोपताना ते शोधलं तर लगेच सापडलं नाही. अगदीच गेलं असं नाही म्हणत.

आई


सोब्रेदो
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय नातेर्सिया,

आज पुन्हा डॉक्टर तेल्मोंकडे जाऊन आले. सकाळी बेनविंदाने दारातच अडवलं.

"हे नाकावर घेऊन जाणार?"

"हेच घेऊन."

"लिंदा, लोक काय म्हणतील? पोरगी लक्झेंबर्गला आणि आईच्या चष्म्याला चिकटपट्टी! निदान माझा घे. नवा आहे."

"तुझ्या चष्म्यातून मला तुझे चेस्टनट दिसतील, माझे नाही."

ती रागावली. पण पाववाल्याची गाडी येईपर्यंत माझ्याबरोबर थांबली आणि कोटावरचं पीठ आधीच झटकू लागली, अजून लागलंही नव्हतं तरी.

डॉक्टरांच्या खोलीतला हीटर अजून बंदच आहे. मी या वेळी लोकरीचे मोजे नेले होते, तुला टोचणारे. त्यांनी लगेच टेबलाखाली चढवले. मग म्हणाले, "दोना एर्मेलिंदा, मार्च यायला वेळ आहे."

"पाटी दाखवा," मी म्हटलं.

पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथी वाचून दाखवली. पाचवीत एका अक्षराला अडखळले, तेवढं चालतं म्हणाले. एकेक डोळा झाकून पुन्हा. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"मागच्या वेळी काय झालं होतं?"

"मागच्या वेळी मी सजून आले होते."

मग सगळं सांगावं लागलं. खुर्ची, सूप, फलक. ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पेन ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाले, "त्या सोनेरी फ्रेममध्ये याच नंबरच्या काचा बसवून मिळतील की. ही पट्टी तरी जाईल."

"नको. मग मला तिथे उन्हात जाऊन बसावं लागेल."

त्यांनी मान डोलावली आणि संगणकाकडे वळले. मार्चला नेत्रतज्ज्ञांकडे जायचंच आहे, असं बजावलं. तोवर लायसन्स देतो, पण अटी घालून. एक म्हणजे हा चष्मा लावूनच चालवायचं.

"दुसरा कुठला लावणार?"

"फक्त उजेडात."

"अंधारात मी जपमाळ ओढते, गाडी नाही."

"आणि घरापासून तीस किलोमीटरच्या आत."

हे मला नवीन होतं. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवून नकाशा दाखवला. मधोमध सोब्रेदो आणि भोवती एक गोल वर्तुळ. एवढ्याशा गावाला असं मधोमध बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर बोटाने एकेक दाखवू लागले. "हे तुमचं घर. हा वृद्धाश्रम. बाजार, चर्च, औषधाचं दुकान, आमचा दवाखाना. सगळं आत आलं. आणखी कुठे जायचं असतं तुम्हाला?"

मी नकाशाकडे बघत राहिले. पट्टीवाल्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं. वर्तुळाच्या बाहेर, उजव्या हाताला, थोडंसंच बाहेर.

"चाळीस करा, डॉक्टर," मी म्हटलं.

"का? चाळीसवर काय आहे?"

"ब्रागान्सा."

"नेत्रतज्ज्ञांसाठी? त्याला रुग्णवाहिका मिळते, मी लिहून देईन."

"त्यासाठी नाही. लक्झेंबर्गची बस तिथे थांबते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगी येणार आहे?"

"नाही."

"मग?"

"बस तर येते."

त्यांनी तीस खोडलं आणि चाळीस घातलं. नकाशावरचं वर्तुळ मोठं झालं आणि ब्रागान्सा आत आलं, अगदी कडेला.

दवाखान्याच्या भिंतीशी गाडी होती तशीच होती. पानं झाडली, बॅटरी उतरली होती ती नोर्बेर्तोने चालू करून दिली आणि मी आपली आपण बाबांकडे गेले.

संध्याकाळी बसच्या कचेरीत फोन करून विचारलं. शनिवारची गाडी दुपारी तीनला पोचते. डिसेंबरातसुद्धा तेव्हा उजेड असतो.

तुझी
आई